दात्यांचं जुन्नर

बोरी बुद्रुकला कुकडी नदीचं पात्र खोल गेलं आहे. काठ तुटलेल्या जागी मातीचे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि त्यांत मध्येच एक फिकट, राखाडी, भुरभुरीत पट्टा लागतो. तो पट्टा ज्वालामुखीच्या राखेचा आहे. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वी महास्फोट झाला आणि त्याची राख समुद्र ओलांडून या उपखंडावर पडली. बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याहून फार जुन्या एखाद्या स्फोटाची, यावर भूशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं वाद घातला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडली. त्यामुळे ऊस, कांदा आणि टोमॅटोच्या शेतांमधलं हे गाव जगभरच्या शोधनिबंधांत जाऊन पोचलं.

माणूस या नदीकाठी एवढ्या पूर्वीपासून आहे. पण त्यानं इथे गाव, बाजार, नगर आणि देवस्थानं कशी उभी केली, हे पाहायचं तर प्रवाहाच्या उलट वर जावं लागतं. येडगावचं धरण मागे टाकायचं, शिवनेरीच्या पायथ्याचं जुन्नर गाठायचं, माणिकडोहचा जलाशय वळसा घालून ओलांडायचा आणि थेट सह्याद्रीच्या कड्यापर्यंत, नाणेघाटाच्या तोंडाशी पोचायचं. या पट्ट्यात दोन हजार वर्षांपूर्वी एक तीर्थनगर होतं. दक्षिणेतली देवळांची नगरं आपल्याला ठाऊक असतात: कांची, मदुराई, तंजावर. जुन्नर त्यांच्या मोठ्या देवळांच्या आधीचं आहे, आणि त्याची घडण त्यांच्याहून वेगळी आहे.

तंजावरचं बृहदीश्वर मंदिर इसवी सन १०१०च्या सुमारास पूर्ण झालं. राजराज चोळानं, त्याच्या बहिणीनं, राण्यांनी देवाला काय काय दिलं याची लांबलचक नोंद त्याच्या भिंतींवर आहे. (त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजे भोसल्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला, हेही इथे आठवावं.) एक राजा, त्याचा खजिना, मधोमध एक उत्तुंग देऊळ आणि भोवती वाढत गेलेलं शहर, अशी ती रचना. जुन्नरला मधोमध गाव आहे आणि देवस्थानं भोवतीच्या डोंगरांच्या कातळात आहेत. पश्चिमेला तुळजा लेणी, गावाला खेटून शिवनेरी, दक्षिणेला मानमोडी, उत्तरेला कुकडीपलीकडे लेण्याद्री. सगळी मिळून दोनशेहून अधिक लेणी भरतात. एका गावाभोवती इतकी लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. आणि त्यांतलं एकही कुणा राजानं स्वतःच्या नावावर कोरून घेतल्याचा लेख नाही.

मग कोरवून घेतली कुणी? याचं उत्तर ब्राह्मी लिपीतल्या, प्राकृत भाषेतल्या तीसहून अधिक छोट्या लेखांत आहे. जुन्नरच्या इतिहासातला सर्वांत श्रीमंत ऐवज तोच.

लेण्याद्रीचं सहाव्या क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह. आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग, खांबांच्या माथ्यावर हत्ती, सिंह, बैल, टोकाला स्तूप आणि वर लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या कमानींचं छत. दारावरच्या लेखात दात्याचं नाव आहे: कल्याणचा, हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. राजा नाही, मंत्री नाही. कोकणातल्या बंदराचा एक माणूस घाट चढून येतो आणि देशावरच्या डोंगरात भिक्षूंसाठी चैत्यगृह कोरवून देतो. कल्याण आणि जुन्नर यांच्यातला नाणेघाट किती वाहता होता, हे त्या एका ओळीतून कळतं.

दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी भेटते. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. या संघानं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. जुन्नरच्या लेखांत ती पुन्हा पुन्हा येते आणि ते स्वाभाविकच आहे. डोंगराच्या कुशीत आठ महिने राहायचं तर पावसाळ्याचे चार महिने पाणी साठवणं आलं. लेणं दिलं पण टाकं दिलं नाही, तर ते दान अर्धवटच. आजही ऐन मार्च-एप्रिलमध्ये यांतल्या कित्येक टाक्यांना पाणी असतं.

मानमोडीच्या लेखांत आणखी पुढची व्यवस्था दिसते. दात्यानं पैसा थेट भिक्षुसंघाच्या हाती दिलेला नाही. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे तो ठेव म्हणून ठेवला आणि तिच्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम यावी असं लिहून ठेवलं. मूळ रक्कम हलवायची नाही, उत्पन्नावर धर्मकार्य चालवायचं. आजच्या देवस्थानांच्या कायम ठेवीचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा नमुना आहे. त्यासाठी गावात भरवशाचे कारागीर-संघ असावे लागतात, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे, ज्यांच्याकडे पैसा बुडणार नाही अशी खात्री असणारे. जुन्नरचे कासार आणि बुरूड असे होते. राजवाड्याच्या अवशेषांतून इतिहास शोधणाऱ्यांनी या ओळीपाशी थांबायला हवं.

झाडांचीही नोंद आहे. अदुथुम नावाचा शक, कोणाचिक श्रेणीतला बौद्ध उपासक, वडालिका गावातली वीस निवर्तनं जमीन करंजाच्या झाडांसाठी देतो आणि कटपुटक गावातली नऊ निवर्तनं वडासाठी. शक म्हणजे मध्य आशियातून आलेल्या लोकांचा वंशज. त्याचे पूर्वज गवताळ पठारांवर घोडे दौडवत असतील. तो मात्र जुन्नरच्या एका धंदेवाईक संघाचा सभासद होऊन करंज लावतो आहे.

आणि यवनही आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या यवनानं दोन पाण्याची टाकी दिली. मानमोडीच्या भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचं दान चंद या यवनाचं. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, पुढे पश्चिमेकडून आलेले त्यांच्यासारखे इतरही. हे लोक इथे कसे आले, याचा सुगावा त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात लागतो. ‘पेरिप्लस’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात कल्याण बंदर आहे, पैठण आहे, तगर म्हणजे तेर आहे. पूर्वी कल्याणला ग्रीक जहाजं कायदेशीरपणे लागत, पण पुढे सत्ता बदलल्यावर चुकून तिथे आलेलं जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असंही त्यात म्हटलं आहे. कल्याणच्या धक्क्यावर उतरलेला माल पैठणकडे निघाला की तो नाणेघाटानं वर चढे आणि त्याचा पहिला मोठा मुक्काम जुन्नरला पडे.

नाणेघाट म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद खिंड. कोकणातल्या वैशाखरे गावाकडून दगडी पायऱ्यांची वाट चढत येते, शेवटच्या टप्प्यात कातळ फोडून केलेली ती नळी लागते आणि माणूस घाटघरच्या पठारावर पोचतो. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. खिंडीलगतच्या गुहेत सातवाहनांचा शिलालेख आहे. सातकर्णीची राणी नागनिका हिच्या काळातला, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन, मग अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची यादी, आणि प्रत्येक यज्ञाची दक्षिणा. एका यज्ञात तर दहा हजारांवर गायी दिल्या. हे आकडे अक्षरांत नसून चिन्हांत कोरलेले आहेत. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत, शून्य अजून आलेलं नाही. भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासात हा लेख वाचल्यावाचून कुणाला पुढे जाता येत नाही.

त्याच गुहेत राजघराण्याचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार, महारठी, प्रत्येकाच्या माथ्यावर नाव. पुतळे गेले, नावं राहिली. कर्नल साइक्सनं १८२८ साली या लेखाकडे विद्वानांचं लक्ष वेधलं, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यावर कष्ट घेतले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. घाटाच्या माथ्यावर राणी वैदिक यज्ञांची गणती करते आहे आणि घाट चढून आलेल्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला व्यापारी बौद्ध भिक्षूंना घरं कोरून देताहेत. दोन्हींमागचा पैसा एकाच वाटेवरच्या व्यापारातून आलेला. सातवाहनांना या दोहोंत विरोध वाटला नाही. नाशिकच्या लेण्यांत तर याच घराण्यानं भिक्षूंना जमिनी दिल्या आहेत.

मध्यंतरी सत्ता हलली. क्षहरात घराण्याच्या नहपान क्षत्रपानं हा प्रदेश घेतला. मानमोडीच्या एका लेखात त्याचा अमात्य, वत्सगोत्री अयम, सेहेचाळिसाव्या वर्षी पोढी आणि मंडप पुण्यासाठी दिल्याचं सांगतो. अमात्याचंही दान टाक्याचंच. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांवर, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरून गौतमीपुत्राचा ठसा मारलेला. राजे बदलले. जुन्नरला छिन्नी मात्र चालूच राहिली.

ती कशी चालत असे, हे पाहायचं तर पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा अर्धवट राहिलेली जास्त बोलतात. पाथरवट आधी कड्याचा दर्शनी भाग तासून सपाट करत, मग वरून खाली उतरत. छत आधी, मग खांबांचे माथे, मग खांब, शेवटी जमीन. त्यामुळे परांची बांधायची गरज पडत नसे. खालचा न फोडलेला दगडच उभं राहायला जागा देई. धोका एकच, कातळाचा. सह्याद्रीचा बसाल्ट थराथरांचा आहे आणि दोन कठीण थरांमध्ये कधी मऊ, भुसभुशीत थर निघतो. मानमोडीच्या भूतलिंग चैत्यगृहात काम अर्ध्यावर सोडलेलं आहे. बाहेरच्या कमानीवर गजलक्ष्मी आणि तिला वंदन करणाऱ्या आकृती सुबक उतरल्या आहेत, आतला स्तूप मात्र पुरा झालेला नाही. दगडानं दगा दिला तर दात्याचा पैसा आणि कारागिराचे हात दोन्ही तिथेच थांबत.

तुळजा लेण्यांतलं चैत्यगृह तर देशात दुर्मीळ. त्याचा आराखडा गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातलं. गोल चैत्याचं नातं सांगणारी जागा थेट आंध्रात, गुंटुपल्लीला आहे. दख्खनच्या दोन टोकांचे कारागीर एकमेकांना ओळखत होते की एकाच जुन्या लाकडी-मातीच्या बांधणीची आठवण दोघांनी दगडात उतरवली, हे ठरवणं अवघड. पण पाडळीजवळच्या त्या डोंगरात उभं राहून वर पाहिलं की कारागिराच्या धाडसाला हात जोडावेसे वाटतात.

जुन्नरच्या या सगळ्या लेण्यांत बुद्धमूर्ती जवळजवळ नाही. पूजा स्तूपाची. अजिंठा-वेरूळला पुढच्या शतकांत मूर्तींची जी रेलचेल झाली ती इथे झालीच नाही, कारण तिसऱ्या शतकानंतर इथलं खोदकाम ओसरलं. व्यापार मंदावला, सातवाहन गेले आणि भिक्षूही हळूहळू पांगले.

पुढे काय झालं याचा इतिहास लेखांत नाही, तो देवतांच्या जागांत आहे. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात मधला प्रशस्त, एकही खांब नसलेला दालन-सभामंडप आणि भोवती भिक्षूंच्या वीस खोल्या. तिथे आज अष्टविनायकांतला गिरिजात्मज आहे. पार्वतीनं इथे तप केलं आणि गणेश तिच्या पोटी आला, ही श्रद्धा. अष्टविनायकांत डोंगरावर, लेण्यात असलेला गणपती हा एकच. तुळजा लेण्यांत तुळजादेवी आली, मानमोडीला अंबिका. शिवनेरीवर शिवाई देवीच्या देवळामागच्या कातळात लेणी आहेत, आणि याच शिवाईवरून छत्रपतींचं नाव शिवाजी ठेवलं असं परंपरा सांगते. भिक्षू गेले तरी डोंगरांचं पावित्र्य लोकांनी सोडलं नाही. ओस पडलेल्या जागेत दिवा लावणारा कुणीतरी पुन्हा आला.

देवळं त्यानंतरची. कुकडीच्या उगमाशी, चावंड किल्ल्याच्या कुशीत, पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ आहे. खांबांवर आणि भिंतींवर दाट कोरीवकाम. उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ यानं शंकराची बारा देवळं बांधल्याचं शिलाहारांच्या ताम्रपटात म्हटलं आहे आणि सह्याद्रीतल्या नदीउगमांवरची देवळं त्याच्या नावाशी जोडली जातात. कुकडेश्वर त्यांतलंच मानतात. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी खिरेश्वरला नागेश्वराचं देऊळ आहे, त्याचं छत नजर वर खिळवून ठेवणारं. ओतूरला मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वर आहे आणि तिथेच तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. श्रावणातल्या सोमवारी कपर्दिकेश्वरापुढे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. दाण्यावर दाणा तोलून उभ्या केलेल्या त्या पिंडी बघायला सगळा तालुका लोटतो. आळ्याला ज्ञानेश्वरांनी वेद बोलवलेल्या रेड्याची समाधी आहे. चैत्य, गणपती, शंकर, देवी, वारकरी: एका तालुक्यात एवढं.

मध्ययुगात जुन्नरचं महत्त्व पुन्हा वाढलं, या वेळी लष्करी कारणानं. बहमनी काळात, १४६९च्या पावसाळ्यात, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलहून घाट चढून इथे आला. सोबत विकायला आणलेला घोडा. पावसात तो जुन्नरला अडकून पडला. चार महिने दिवसरात्र पाणी आणि चिखल, याच दिवसांत लोक पेरणी करतात, घोड्यांना खिचडी शिजवून घालतात, असं त्यानं लिहून ठेवलं. जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडा जप्त केला आणि मुसलमान झालास तर घोडाही परत देईन, वर हजार सोन्याची नाणी देईन, अशी अट घातली. निकितिन हवालदिल झाला. शेवटी खुरासानच्या एका खोजानं रदबदली केली आणि घोडा सुटला. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची ही गोष्ट. मावळच्या पावसाचं परदेशी माणसानं केलेलं इतकं जिवंत वर्णन त्या काळात क्वचितच सापडतं.

१४९० साली मलिक अहमदनं बहमनींपासून फुटून निजामशाही उभी केली ती जुन्नरहून. अहमदनगर त्यानंतर वसलं. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जिजाऊंच्या पोटी शिवराय जन्मले, आणि महाराष्ट्राच्या मनात जुन्नर कायमचं त्या दिवसाशी जोडलं गेलं. त्याच शिवरायांनी १६५७ साली रात्री तटाला शिड्या लावून मोगलांचं जुन्नर लुटलं. तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले. शहर तेव्हाही श्रीमंत होतं. इथल्या कागद्यांचा जुन्नरी कागद दफ्तरांतून आणि पोथ्यांतून दूरवर गेला. घाटाचा व्यापार मात्र पुढे बोरघाटाकडे वळला. पक्का रस्ता आणि मग रेल्वे तिकडून गेल्यावर नाणेघाट गुरं हाकणाऱ्यांचा आणि गिर्यारोहकांचा उरला.

भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचं पुस्तक १८८१ साली छापलं, त्यात जुन्नरचे लेख आले. त्यानंतर अनेकांनी ते वाचले, तपासले, दुरुस्त केले. अभ्यासकांना सुलसदत्त, अदुथुम, इरिल ही नावं पाठ आहेत. तालुक्यातल्या माणसापर्यंत ती पोचली नाहीत, याचं वाईट वाटतं. माघी चतुर्थीला आणि भाद्रपदात लेण्याद्रीच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात. गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन बहुतेक जण शेजारच्या सहाव्या लेण्यात डोकावतात, खांबांवरच्या हत्तींचे फोटो काढतात आणि उतरू लागतात. दारावर कोरलेली ओळ कुणी वाचत नाही, कारण ती वाचायला शिकवलेलंच नाही कुणी. प्रत्येक लेखाशेजारी एक मराठी फलक लागावा: कुणी दिलं, कुठून आला होता, काय दिलं. जुन्नरच्या शाळांमध्ये ब्राह्मीची पंधरा-वीस अक्षरं शिकवली तरी सातवी-आठवीतली मुलं आपल्या गावचा धान्यव्यापारी आणि कासार स्वतः वाचतील. पुरातत्त्व खात्याकडे लेणी आहेत, तालुक्याकडे उत्साही शिक्षक आहेत, गड-लेण्यांवर दर रविवारी झाडलोट करणारी तरुण पोरं आहेत. काम सुरू करायला मानमोडीच्या पायथ्यापासून करावं. तिथले लेख झिजत चालले आहेत.